कोपराखालचा हात

हॉलमधल्या खुर्च्या केव्हाच भरल्या होत्या. उशिरा आलेले लोक भिंतींना टेकून, टाचा उंचावून उभे होते आणि सगळ्यांच्या नजरा व्यासपीठावरच्या एका नऊ वर्षांच्या मुलाच्या बोटावर खिळल्या होत्या. जन्मात एक शब्द न बोललेला हा मुलगा आता चारचौघांत भाषण करणार होता.

त्याच्यासमोर अक्षरांचा पुठ्ठा उभा केला होता. वर अक्षरं, खाली काने-मात्रे. शेजारी स्पर्शताई बसल्या होत्या. हे काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे, पण आता सगळं गाव त्यांना त्याच नावाने ओळखत होतं. त्यांचा तळहात मुलाच्या कोपराखाली होता. मुलाचं बोट हवेत तरंगायचं, एका अक्षरावर टेकायचं, मग दुसऱ्यावर. ताई माइकमध्ये वाचून दाखवायच्या.

"मी... मुका... नव्हतो. तुम्ही... बहिरे... होता."

लोकांनी तोंडात बोटं घातली. पुढच्या रांगेतली एक बाई पदराने डोळे पुसू लागली.

"मी काही करत नाही हो," ताई म्हणाल्या. "मी नुसती वायर आहे. करंट त्याचा, प्रकाश त्याचा. मी फक्त स्पर्शाने त्याच्या आतलं बटण दाबते."

वायर असून ताईंना माइक सोडवत नव्हता, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

शेवटच्या रांगेत बसलेली एक तरुणी मात्र त्या बोटाकडे बघत नव्हती. ती डॉक्टर होती. बालरोगतज्ज्ञ झाल्यावर आता मुलांच्या मेंदूच्या आणि मनाच्या आजारांचं विशेष शिक्षण घेत होती. इस्पितळात पालक तिला छोट्या डॉक्टर म्हणायचे आणि तिला शिकवणाऱ्या बाईंना मोठ्या. व्यासपीठावरचा मुलगा त्या दोघींचाच पेशंट होता. त्याला न बोलण्याखेरीज फिटचाही त्रास होता, आणि गेली काही वर्षं गोळ्यांमुळे फिट आटोक्यात होत्या. मागच्या आठवड्यात त्या पुठ्ठ्यावर अक्षरं उमटली: गोळी नको, गोळीने माझे शब्द झोपतात. आईने त्याच दिवशी गोळी बंद केली.

परवा मोठ्या डॉक्टरांनी आईला परोपरीने समजावलं होतं. ही गोळी अशी एकदम सोडली तर फिट येईल, आणि ती थांबलीच नाही तर मुलगा हातचा जाईल. आई ऐकून घेत होती. मग ती म्हणाली, "नऊ वर्षांत पहिल्यांदा माझ्या लेकराने मला काहीतरी सांगितलंय. आणि ते मी ऐकू नको?"



छोट्या डॉक्टरला आणखी एक भीती होती, आणि ती सांगायची चोरी होती. त्याच दिवशी आईने तिला म्हटलं होतं, तुम्हीच धरून बघा त्याचा हात. तिने धरला, अगदी हलका, आणि मनात विचारलं: माझे बाबा मला काय म्हणायचे? मुलाचं बोट सरकलं. ख. मग काना. मग र. लहानपणी ती सारखी झाडावर चढायची म्हणून बाबा तिला खार म्हणायचे. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि हे नाव आता तिच्याखेरीज कोणालाच ठाऊक नव्हतं. तिची पाचावर धारण बसली. इतकी वर्षं शिकलेलं सगळं एका क्षणात पाण्यात गेलं, असं तिला वाटलं.

तिने चाचरत हे मोठ्या डॉक्टरांना सांगितलं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "तो शब्द लिहिताना त्याचे डोळे कुठे होते?"

तिला सांगता येईना. ती पुठ्ठ्याकडे बघत होती. खरं म्हणजे शिक्षणाच्या पहिल्याच महिन्यात मोठ्या डॉक्टरांनी तिला खेळाच्या खोलीत कोपऱ्यात बसवून नुसतं मुलांकडे बघायला शिकवलं होतं. मूल काय करून दाखवतं ते नंतर, आधी मूल बघायचं. घाबरल्यावर नेमकं तेच ती विसरली होती.

"मग आता हॉलमध्ये जा," त्या म्हणाल्या, "आणि बोट सोडून सगळं बघ."

म्हणून ती आली होती. आणि आता ती फक्त त्याचे डोळे बघत होती. मुलगा छताच्या पंख्याकडे बघत होता. पुठ्ठ्याकडे त्याने एकदाही नजर टाकली नाही, आणि बोट मात्र सरळ जाऊन अचूक अक्षरावर टेकत होतं. डोळे झाकून स्वयंपाकघरातला मिठाचा डबासुद्धा इतका नेमका सापडत नाही.

मग ते घडलं. मुलाची नजर एका बाजूला जाऊन थिजली. पापण्या फडफडल्या. ओठ चोखल्यासारखे हलू लागले आणि हनुवटीवर लाळ ओघळली. छोट्या डॉक्टरने लगेच ओळखलं. ही फिट होती. छोटी, पण फिटच. या क्षणी मुलाला आपण कुठे आहोत याची शुद्ध नव्हती.

आणि बोट लिहीत होतं.

"मला... खूप... शांत... वाटतंय," ताईंनी वाचलं. टाळ्या पडल्या.

खुर्च्यांना ठेचकाळत ती पुढे धावली. तिने ताईंचा हात बाजूला केला, मुलाला कुशीवर वळवलं, त्याचं डोकं मांडीवर घेतलं. तिने त्याच्या मनगटावर नाडी धरली. हळूहळू मुलाची नजर परत आली. त्याने कूस बदलली आणि तो उठून बसला. तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.

"घाबरू नका," ताई माइकवरून म्हणाल्या. "तो आत गेला होता. खोल, आपल्या आनंदात."

"तो आत गेला होता, तर बाहेर लिहीत कोण होतं?" छोटी डॉक्टर म्हणाली.

तिचा आवाज कापत होता, पण माइक जवळ असल्याने तो शेवटच्या रांगेपर्यंत गेला.  शुद्ध हरपलेला मुलगा वाक्य कसा लिहील, एवढंच तिने विचारलं. मग ती म्हणाली, एक साधी गोष्ट करू. व्यासपीठाच्या पडद्यामागे आधी मुलाला एकट्याला एक वस्तू दाखवते, मग हात धरणाऱ्याला. कधी दोघांना तीच दाखवीन, कधी वेगळी. मुलाने पाहिलेली वस्तू त्याने लिहायची.

ताईंनी डोळे मिटून घेतले. शंकेच्या लहरींनी स्पर्श करपतो, त्या म्हणाल्या, परीक्षा घेणाऱ्यापुढे आत्मा बोलत नाही. मघाशी दीडशे माणसांपुढे तो बोलत होता, त्याची आठवण कोणीतरी मागून करून दिली.

"मी धरते," आई म्हणाली. मुलाला आडवं केल्यावर ती व्यासपीठावर धावत आली होती; आता ती रागाने लाल झाली होती. "माझा मुलगा खोटा नाही. दाखवाच तुम्ही."

साक्षीला पहिल्या रांगेतला एक शिंपी पडद्यामागे आला. पहिल्यांदा दोघांना फूल दाखवलं. बोटाने लिहिलं, फूल. आईने मान ताठ करून हॉलकडे पाहिलं. दुसऱ्यांदा मुलाला चाव्यांचा जुडगा दाखवला. त्याने तो मुठीत घट्ट धरला, गालाला लावला, द्यायलाच तयार नव्हता. शेवटी तो डॉक्टरच्या पिशवीत गेला. मग आईला दाखवला कप.

आईने कोपराखाली हात धरला. क. मग प.

शिंप्याने घसा साफ केला. "पोराला चाव्या दाखवल्या होत्या," तो म्हणाला. "मी स्वतः पाहिलं."

स्पर्शताई केव्हा उठून गेल्या, हे कोणाला कळलं नाही. आईचा हात अजून मुलाच्या कोपराखाली होता. तिने तो काढून स्वतःपुढे धरला आणि परक्या माणसाचा असावा तसा बघितला.

"मी ढकललं नाही हो," ती म्हणाली. "शपथ घेऊन सांगते."

"मला ठाऊक आहे. मनात शब्द असला की हात आपल्याला न विचारता तिकडे झुकतो. जरासाच, पण तेवढा पुरतो. माझ्याही हाताने परवा एक शब्द लिहिला. माझ्या बाबांचा. मला तो हवा होता."

हे बोलताना छोट्या डॉक्टरच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा आले नव्हते. तिला त्यांची आठवण आली होती, इतकंच.

 मग आईने अगदी हळू विचारलं, "परवा त्याने लिहिलं, आई, तू दमलीस. ते पण मीच?"

"हो."

आई खाली बसली आणि रडली. तिची समजूत घालायला कोणी पुढे झालं नाही.

मुलगा मात्र उठला. तो आईजवळ आला, तिचं मनगट धरलं आणि तिला ओढू लागला. ओढत त्याने तिला पडद्यामागे नेलं, डॉक्टरच्या पिशवीपाशी, आणि तिचा हात पिशवीवर ठेवला. चाव्या त्याला परत हव्या होत्या.

"हे तर तो रोजच करतो," आई म्हणाली. "पाणी हवं असलं तरी असाच ओढतो."

"मग रोज बोलतोच की तो," डॉक्टर म्हणाली.

आईने चाव्या काढून त्याला दिल्या. मग विचारलं, "गोळी आत्ता देऊ?"

आधी इस्पितळात जाऊ, तिथे मोठ्या डॉक्टर ठरवतील, असं ठरलं. त्या संध्याकाळी गोळी पुन्हा सुरू झाली. पुढे चित्रांच्या पाट्यांवर स्वतः बोट ठेवायला तो शिकला, कोपराखाली कोणाचाही हात नसताना. पहिलं बोट त्याने चाव्यांच्या चित्रावर ठेवलं. आई दमलीय, असं त्याने अजून एकदाही सांगितलेलं नाही.

आता वाचकहो, तुमच्याशी दोन शब्द. अशी वायर तुमच्याही गावात कधीतरी येईल. तेव्हा भांडू नका आणि भारावूनही जाऊ नका. एक वस्तू मुलाला दाखवा, दुसरी हात धरणाऱ्याला, आणि काय लिहिलं जातं ते बघा. एवढ्या परीक्षेला जो घाबरतो, त्याच्या सांगण्यावरून लेकराची गोळी बंद करू नका. आपण ज्याच्यावर जीव टाकतो त्याच्या तोंडी आपलेच शब्द घालणं फार सोपं असतं. तो हाताला धरून ओढत असेल, तर आधी त्याच्या मागून जाऊन बघा.