परवाची लाइन

कुवेतमधल्या शुवैखच्या त्या कारखान्यात गाड्यांचे गंजके बंपर येत आणि तोंड दिसेल इतके चकचकीत होऊन जात. ती चकाकी आणणारं ॲसिड दोन-तीन आठवड्यांनी निकामी होई. ते टाकीत साठवायचं, टँकर बोलावून त्यात भरून द्यायचं, सरकारी गटारात थेंबही सोडायचा नाही, असा कागद दाराशेजारी डकवला होता. मुकादम अशरफने आपली टोपी अडकवायला त्या कागदातूनच खिळा ठोकला होता. तेवढ्यावरून त्या कागदाची पत कळावी.

"टँकर का झंझट कौन करेगा? खोल दो, शंकर," असं अशरफ म्हणायचा आणि शंकर टाकीचा कॉक फिरवायचा.

शंकर काही दूधखुळा नव्हता. गटारातल्या घाणीत ॲसिड मिसळलं की विषारी गॅस सुटतो, आणि खाली उतरलेला माणूस हाक मारायच्या आत आडवा होतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. कारण त्याचा मामेभाऊ राजन गटारं साफ करणाऱ्या टोळीत होता. गुहागरकडच्या त्यांच्या गावातून राजनला शंकरनेच दोन वर्षांपूर्वी, पंच्याण्णव साली, कुवेतला आणलं होतं. निघताना राजनची बायको नर्मदा रडायला लागली, तेव्हा "मी आहे ना तिकडं" असं छातीठोकपणे सांगणाराही शंकरच होता.

अशरफला 'नाही' म्हणायला मात्र ती छाती पुरत नव्हती. नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी परतीचं विमान. मग शंकरने एक पळवाट काढली. बनेद अल-गार वस्तीतल्या एकाच खोलीत दोघे राहायचे, पण राजन उजाडायच्या आत कामाला जाई आणि शंकरची पाळी दुपारी दोनला सुरू होई. शुक्रवारची सुट्टी सोडली तर गाठ पडत नसे. म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पानामागे शंकर लिहून ठेवी, 'आमची गल्ली कधी?' राजन कधी 'शनिवारी' असं लिही, कधी 'झाली'. झाली असेल तर चार-सहा महिने टोळी तिकडे फिरकत नसे. मग शंकर निर्धास्तपणे कॉक फिरवी. यायची असेल तर काहीतरी निमित्त काढून तेवढे दिवस ढकली.

राजनला याची गंमत वाटायची. "दादा, तुजं आसिड बरं, मला इचारून येतं," असं म्हणून तो हसायचा. कुवेतच्या गटारांत राजनखेरीज इतरही माणसं उतरतात, त्यांनाही बायका आहेत, हे दोघांच्याही मनात आलं नाही. यायला हवं होतं.

त्या ऑक्टोबरात टाकी पुन्हा काठोकाठ भरली. शंकरने प्रश्न लिहून ठेवला. सोमवारी सकाळी तो उठला तर राजन निघून गेला होता आणि पानावर उत्तर होतं, 'तुमच्या गल्लीची लाइन परवा. आमटी झाकून ठेवली आहे.'

होऊन गेलेला परवा आणि यायचा परवा आपण एकाच शब्दात उरकतो. पुढे 'झाली' किंवा 'आहे' लिहिलं तरच उलगडा होतो, आणि राजनला कामाची घाई होती. शंकरने वाचलं ते शनिवारी झाली असं. त्याला तेच हवं होतं म्हणून त्याने तेच वाचलं. आमटी पोळीला लावून खाल्ली आणि पान उशीखाली सरकवलं.

बुधवारी दुपारी साडेतीनला अशरफ म्हणाला, "खोल दो." शंकरने दारातून गल्लीत डोकावून पाहिलं. गल्ली रिकामी होती. टोळीची गाडी त्याच लाइनवर, पुढे दोन गल्ल्या सोडून, वळणापलीकडे उभी होती.

चार वाजता वळणाकडून अँब्युलन्सचा भोंगा ऐकू आला. शंकर धावत वळणावर पोचला तेव्हा उघड्या झाकणाशेजारी दोघांना निजवलं होतं. एक खोकत होता. दुसऱ्याचं तोंड झाकलं होतं, पण पिवळ्या गमबुटांवर काळ्या रंगाने 'राजन' लिहिलेलं होतं. कोणाशी अदलाबदल होऊ नये म्हणून ती अक्षरं शंकरनेच काढून दिली होती.

गटारात गॅस असतोच, असं चौकशीत ठरलं. साहेब येणार म्हणून अशरफने खिळ्यावरची टोपी काढली आणि कागदावरची धूळ पुसली. शंकरला कोणी काही विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. भीती होतीच, पण लाज भीतीहून मोठी होती. ती त्याला ना जेवू देई, ना झोपू देई.

राजनची शवपेटी घेऊन तो गावी आला. तेराव्यानंतर नर्मदा पडवीत येऊन बसली.

"भाऊजी, त्यांच्या हातचं शेवटचं कायबी आसंल तर मला द्या. नुस्तं अक्षर आसलं तरी चालंल."

पान शंकरच्या खिशातच होतं. फाडून टाकायचं म्हणून त्याने ते दहा वेळा बाहेर काढलं होतं. आत्ताही 'काही नाही' म्हणता आलं असतं. पण या बाईला आणखी एक खोटं सांगायला त्याची जीभ उचलेना. त्याने पान तिच्या हातात दिलं.

तिने ओळीवरून बोट फिरवलं. आमटीशी आल्यावर तिला रडू फुटलं. पदराने डोळे पुसून तिने पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

"सोमवारी लिवलंय नव्हं हे? परवा म्हंजी बुधवारच की," ती म्हणाली.

तिला एका दमात कळलं.

"आन् ह्ये वरचं अक्षर तुमचं हाय. 'आमची गल्ली कधी?'" नर्मदाने पान त्याच्यापुढे धरलं. "तुमाला कशाला हवं होतं ते, भाऊजी?"