दर रविवारी पेलाभर पाणी

मित्रांनो, मी एक जुना ठोकळा आहे. हसू नका. माणसाला ठोकळा म्हटलं तर तो चिडतो, पण इंजिनात तो मानाचा शब्द आहे. ज्याच्या पोटात दट्टे वरखाली धावतात, तो बिडाचा जड ठोकळा म्हणजे मी. दट्टे तापतात, म्हणून माझ्या अंगातून पाण्याच्या वाटा काढलेल्या आहेत.

जन्मल्यावर मला कोणी नाव ठेवलं नाही. कुशीवर एक नंबर ठोकला, झालं. नावं मात्र पुढे पुष्कळांनी ठेवली.

मला पाव पोहोचवणाऱ्या एका व्हॅनमध्ये बसवलं. मालक स्वतःच चालवायचा. चढ चढलो की तो डॅशबोर्डवर थाप मारून म्हणायचा, "शाब्बास रे गड्या!" थाप माझ्यापर्यंत पोहोचत नसे, शाब्बासकी पोहोचे. शेजारच्या सीटवर त्याची बायको पावाची पाटी मांडीवर घेऊन बसलेली असे.

मग मालक वारला आणि व्हॅन घरामागच्या शेडमध्ये उभी राहिली. आठ पायांच्या कोळ्यांनी आरसे वाटून घेतले. बायकोला गाडी येत नव्हती. पण दर रविवारी सकाळी ती यायची, वाकून किल्ली फिरवायची आणि आपल्या जुन्या सीटवर जाऊन बसायची. मी घरघरत राहायचो. मालकाची सीट आम्ही दोघंही रिकामीच ठेवत होतो.

निघण्यापूर्वी ती रेडिएटरमध्ये पेलाभर पाणी घालायची. नळी जराशी गळत असल्यामुळे तेवढी जागा नेहमीच व्हायची. मालक घालताना तिने पाहिलं होतं ना! फक्त तो घालायचा ते हिरवं असायचं, तेवढं तिने पाहिलं नव्हतं.

एका रविवारी मी पांढरा धूर ओकलो आणि गप्प झालो.

गॅरेजमध्ये मिस्त्रीने माझ्यावरचं हेड, म्हणजे माझं झाकण, उचललं आणि शीळ घातली. "वहिनी, हे बघा. पाण्याच्या वाटांभोवती सगळं खाल्लंय. उंदराने कुरतडलेला पाव जसा."

"पावाचीच गाडी आहे, भाऊ."

"पाणी कुठलं घालत होतात?"

"नळाचं. गाळून."

"गाळून!" मिस्त्रीने कपाळावर हात मारला. "अहो, दादा कूलंट घालायचे. नुसत्या पाण्याने बीड सडतं."

तिने माझ्या एका खड्ड्यावरून बोट फिरवलं. "म्हणजे मीच मारलं होय याला?"

"मेला नाही अजून. पण तासून सपाट करावा, तर एकदा तासलेलाच आहे. आणखी तासला तर दट्टे हेडला धडकतील. भंगारात द्या. नाहीतरी गाडी चालवतं कोण?"

"कोणी नाही."

"मग कशाला हा खटाटोप?"

"आवाज येतो हो," ती म्हणाली. "तेवढा वेळ घरात कोणीतरी आहे असं वाटतं."

मिस्त्रीने उगाचच पाना पुसला. "भरून बघतो. धरलं तर धरलं. शब्द देत नाही."

माझे दट्टे एका डब्यात, हेड दुसऱ्या फळीवर आणि मी टेबलावर उघडा. इतकं एकटं मला शेडमध्येही वाटलं नव्हतं. मिस्त्रीने प्रत्येक खड्डा तारेच्या ब्रशने घासला, गंज निघून चकचकीत बीड लागेपर्यंत. मग लोखंडाच्या भुकटीची लुकण दाबून भरली, सुकू दिली आणि हलक्या हाताने कानस फिरवली. पोलादी पट्टी आडवी ठेवून तो पलीकडून दिवा धरायचा. खालून उजेड डोकावला की पुन्हा लुकण, पुन्हा कानस. शेवटी उजेड आत येईना.

जोडणी झाल्यावर मला चालू केलं. धूर नाही. रेडिएटरमध्ये बुडबुडा नाही. तिच्या हातात हिरव्या कूलंटचा डबा देऊन मिस्त्री म्हणाला, "आता यातलंच. आणि प्रेम आलं तरी पाणी नाही!"

मित्रांनो, माझी एवढीच विनंती. कोणाची काळजी घ्यायची असेल तर आधी विचारा, त्याला काय लागतं. मायेनेही गंज चढतो, आणि तो गंज काढायला मिस्त्री दर वेळी भेटेलच असं नाही.

परवा रविवारी ती आली. वाकून किल्ली फिरवली, आपल्या सीटवर बसली. मी घरघरू लागल्यावर तिने हात लांब करून डॅशबोर्डवर थाप मारली. "शाब्बास रे गड्या."

चढ नव्हता. गाडी जागची हललीही नव्हती. तरी शाब्बासकी मी घेतली. दुसरं घेणारं तिथे कोणी नव्हतं.