बोटीच्या नाकापासून चाळीस अंश

मेहुण्याचं ते पत्र आलं त्याला चौदा महिने झाले. दोनच पानं होती. दुसऱ्या पानाच्या शेवटी त्याने विचारलं होतं, "भाऊजी, जाण्याआधी ताई माझ्याबद्दल काही बोलली का? काही बोलली नसेल तर तसं कळवा, पण कळवा." रोज हाताला लागावं म्हणून मी ते शब्दकोशात ठेवलं. रोज लागायचं. मी पान उलटायचो आणि दुसराच शब्द शोधायचो.

सहा वेळा उत्तर लिहायला बसलो. एकतीस वर्षं छापखान्यात दुसऱ्यांची प्रुफं तपासली, पण स्वतःचं वाक्य कधी पसंत पडलं नाही. तीन ओळी झाल्या की त्या खोटं बोलताहेत असं वाटे. त्या तशाच होत्याही.

फोन करून सुटका नव्हती. मेहुण्याने जन्मभर रेडिओ दुरुस्त केले, आणि तो स्वतःही कधी बंद व्हायचा नाही, म्हणून घरात त्याचं नावच रेडिओ पडलं होतं. आता त्याचे दोन्ही कान गेले होते. कागदावरचं तेवढंच त्याच्यापर्यंत पोचायचं.

ही गेल्यावर दिवसभर घरात माझ्या चपलांचाच काय तो आवाज. चार महिन्यांपूर्वी लेकीने येऊन जुन्या संगणकावर पाणबुडीचा एक खेळ घालून दिला. "यात घाई नाही, बाबा. तास तास काहीच होत नाही. तुमच्यासाठीच केलाय जणू."

खरंच काही होत नसे. आपल्याला समुद्राचा एक पट्टा नेमून देतात. पूर्वेकडून पश्चिमेला जायचं, पश्चिमेकडून पूर्वेला यायचं, आणि शत्रूची मालवाहू जहाजं शोधायची. पाण्यावर असताना आपल्याच इंजिनाच्या घरघरीत काही ऐकू येत नाही. म्हणून थोड्या थोड्या वेळाने बुडी मारायची, इंजिन बंद करायचं आणि ऐकायचं. मग कधीतरी खलाशी हळू आवाजात सांगतो, "कॅप्टन, जहाजांचा आवाज. चाळीस अंश. दूर." चार महिन्यांत मला हाक मारणारा तो जवळजवळ एकटाच. मी कंपासपेटीतला कोनमापक काढायचो, कागदावरच्या नकाशावर रेघ ओढायचो आणि बोट तिकडे वळवायचो. तिथे राखाडी पाणी असायचं. तेल संपत आलं की परत फिरायचं. अशा नऊ गस्ती झाल्या. एक जहाज म्हणून दिसलं नाही. दोष माझाच असणार याची मला खात्री होती, पण कुठला ते कळत नव्हतं.

मंगळवारी लेकीचा फोन आला.

"बुडवलं का काही?"

"नाही."

"एखादं गलबत तरी?"

"अजून दिसलंच नाही काही."

"बाबा, समुद्रातच आहात ना? की गच्चीवरच्या टाकीत?" ती हसली. "मामा रविवारी घर सोडतोय. मुलाकडे चाललाय, कायमचा. पोस्टाने काय यायचं ते शनिवारपर्यंत या पत्त्यावर. त्याने परत विचारलंय, तुझ्या बाबांचं उत्तर येतंय का म्हणून. काय कळवू?"

"कळव, लिहितोय."

"हेच मी मागच्या वर्षीही कळवलं होतं."

मी टेबलावरचा शब्दकोश जरा लांब सरकवला. मग ती म्हणाली, "जेवलात का?" आणि फोन ठेवला.

दुपारी कागद घेतला. "प्रिय" लिहिलं. मग उठून संगणक लावला. तोंड लपवायला समुद्र बरा. पण त्या दिवशी बोट बंदरातून बाहेर काढण्याआधी खेळाची माहितीपुस्तिका काढली आणि प्रूफ वाचतात तशी, ओळीखाली पट्टी धरून वाचली. चव्वेचाळिसाव्या पानावर बारीक टाइपात एक टीप होती: खलाशी सांगतो तो कोन बोटीच्या नाकापासून मोजावा.

मी चार महिने तो उत्तरेपासून मोजत होतो. बोटीचं तोंड पश्चिमेला, आवाज उजव्या हाताला चाळीस अंशांवर, म्हणजे जहाजं वायव्येला. मी ईशान्येला निघून जायचो. बोट उत्तरेकडे जात असती तर चूक झाकून गेली असती, पण माझा पट्टा पूर्व-पश्चिम. जन्मभर लोकांच्या तळटीपा तपासणाऱ्याने एक तळटीप वाचली नव्हती. मी एकटाच बसल्या बसल्या लाजलो.

मग निघालो. बुडी, इंजिन बंद. "कॅप्टन, जहाजांचा आवाज. तीस अंश." आधी बोटीचं तोंड कुठे ते पाहिलं, त्यात तीस मिळवले आणि रेघ ओढली. तासाभराने दुसरी रेघ, मग तिसरी. पेरिस्कोप वर केला तेव्हा ती होती. अकरा जहाजं, दोन रांगांत, धूर सोडत संथ चाललेली. अगदी पुढच्या जहाजाच्या कठड्याशी एक माणूस उभा होता, नखाएवढा.

टॉर्पेडो तयार होते. मी कळ दाबली नाही. मान वळवून स्वयंपाकघराकडे बघत म्हणालो, "अगं, सापडली."

तिकडून काही आलं नाही. येणार कुठून? पण मला जाणवलं की हे उलट झालंय. इतकी वर्षं बोलायची ती. आतून काहीबाही सांगत राहायची, आणि मी मान वर न करता "हं" म्हणायचो. शेवटच्या दिवशीही तेच.

पडद्यावरचा ताफा निघून गेला. मी "प्रिय"च्या पुढे लिहायला घेतलं. आधी नाकापासूनच्या कोनाची हकीकत लिहिली, कारण ती वाचून तो मनापासून हसला असता. मग लिहिलं:

"ताई बोलली होती. दुपारची वेळ होती. तिने तुझं नाव घेतलं, आणि नंतर बराच वेळ काही सांगत होती. मी खाटेशेजारी घरी आणलेलं प्रूफ वाचत बसलो होतो. मी 'हं' म्हणालो. तिला वाटलं, मी ऐकलं. तुझ्यासाठी निरोप असेल तर तो माझ्या हातून हरवला. विचारलं नाही, कारण पुन्हा विचारता येईल असं वाटलं. संध्याकाळी ती गेली. बोलताना ती हसत होती, तेवढं आवाजावरून कळलं. एवढंच माझ्यापाशी आहे. रागावलास तरी नव्या पत्त्यावरून लिही."

पुन्हा वाचलं नाही. वाचलं असतं तर खोडलं असतं.

बुधवारी पोस्टाचं दार उघडायच्या आधीच मी पायरीवर उभा होतो. खिडकीमागच्या बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं.

"शनिवारपर्यंत पोचेल ना?" मी विचारलं.

"पोचेल की. शुक्रवारीच पोचेल, आजोबा." त्यांनी शिक्का उमटवला. "इतकी घाई होती तर आधी यायचंत."

"हो," मी म्हणालो. "एक ओळ बघायची होती, जरा देता का?"

"आता नाही हं मिळायचं," त्या म्हणाल्या आणि पाकीट मागच्या थैलीत टाकलं.