मेलेल्या वादळाचा पाऊस

वाऱ्याचा वेग ठरावीक आकड्याखाली उतरला की वादळ मेलं, असं वेधशाळेत मानत. मग नकाशावरची त्याची लाल टाचणी काढायची.

तापलेल्या समुद्रावर ढगांचा पुंजका जमला, त्याला आज नऊ दिवस झाले. तेव्हापासून निरीक्षक बाई त्याच्या मागावर होत्या. वाफ पिऊन ते बाळसं कसं धरतं, गिरकी कधी घेतं, याचं त्यांना भारी कौतुक. जिवावर उठणाऱ्याचं कौतुक करू नये हे कळत होतं, पण जित्याची खोड! आईला मात्र त्यांनी वेळेवर किनाऱ्यावरून आत, नदीकाठी ताईकडे धाडलं होतं.

किनाऱ्यावर पत्रे उडाले, झाडं पडली, माणसं वाचली. सकाळी साहेबांनी टाचणी उपटली. "सुटलो!"

बाई रडारकडे बघत होत्या. वारा पडला होता, पण ढग तीन तास जागचे हलले नव्हते. कुठे बसलेत ते त्यांनी नकाशावर ताडून पाहिलं. ताईच्या गावावरच! आईला आपणच आगीतून फुफाट्यात लोटलं.

साहेब घाईघाईने इशारा लिहायला बसले. बाईंनी ताईकडे फोन लावला.

"मेहुणीबाई, तुम्हीच कळवलंत ना, वादळ संपलं?" भावोजी हसले.

"वारा संपलाय. पाणी सगळं शिल्लक आहे. टेकडीवरच्या शाळेत जा, आत्ता!"

"आम्ही निघू हो, पण आई हटून बसल्यात."

आईने फोन घेतला. "माझे गुडघे टेकडी चढायचे नाहीत."

आईची चौकस बुद्धीच बाईंमध्ये उतरली होती. "हे वादळ जन्मलं कसं, सांगते. पण चालायचं. तू थांबलीस की मीही थांबणार."

"लहानपणी मी तुला अशीच गोष्ट सांगत भरवायचे," आई कुरकुरली. पण उठली.

टेकडीच्या पहिल्या वळणावर गोष्टीतला समुद्र तापला. दुसऱ्यावर वाफ आभाळाला भिडली.

"वादळाच्या डोळ्यात, अगदी मधोमध, उभं राहिलं तर काय दिसतं गं?" धापा टाकत आईने विचारलं.

"वर निळं आकाश."

"काहीतरीच!"

पाऊण तासाने आई शाळेच्या व्हरांड्यात पोचली. फोनवर मागून ताईचं रडणं ऐकू आलं.

"खाली घराच्या खिडक्यांच्या वर पाणी गेलंय," आई म्हणाली. "हं, पुढे? काय झालं त्याचं?"

"जमिनीवर आलं, वाफ मिळेना, विरलं. आता नुसता पाऊस उरलाय."

"नुसता म्हणू नकोस गं. तुझ्या ताईचा सगळा संसार आहे त्या पाण्यात."