मेहरबीच्या कोपरातला उजेड

रिठदच्या बाजारात काळ्या कापडाचा मंडप उभा राहिला आणि गावातल्या कुणाचं कामात म्हणून लक्ष उरलं नाही. हळद शिजवायची सोडून बाया रांगेत, दुकानं उघडी टाकून दुकानदार रांगेत, आणि हेमसिंग तर लंगडती बकरी घेऊन रांगेत! मंडपात बसले होते बिंदूयोगी महाराज. अंगात डॉक्टरांचा पांढरा कोट, गळ्यात रुद्राक्ष आणि स्टेथोस्कोप दोन्ही. एकाने नाही पटलं तर दुसऱ्याने पटावं, अशी चोख व्यवस्था होती.

महाराजांकडे म्हणे क्वांटम बिंदू होते. केसाच्या जाडीहून हजारो पटींनी बारीक. बाटलीतलं पाणी प्यायचं, की बिंदू पोटातून निघून थेट रोगावर जाऊन बसतो, चमकतो आणि रोगाला जाळून टाकतो. सुई नाही, चाकू नाही. शिष्या रीता दुखऱ्या जागेवर 'दार उघडायचं' तेल चोळायची, महाराज जांभळी बत्ती फिरवायचे आणि अंधारात ती जागा हिरवी-पिवळी लखलखायची. सगळा मंडप 'ओऽऽ' करायचा. पुढच्या खेपेला रीता साबणाच्या फडक्याने अंग पुसून द्यायची, उजेड गायब. म्हणजे रोगही गायब. वर आणखी गंमत म्हणजे पाणी पिणाऱ्याची लघवी पिवळीजर्द व्हायची. रोग वाहून चालला, असं महाराज सांगत. मग काय, चहाच्या टपरीवर मोठी माणसं एकमेकांना लघवीचे रंग सांगायला लागली. लाजच सोडली होती सगळ्यांनी.

या रांगेत मेहरबी उभी होती. गावातल्या झाडून साऱ्या बायांना बांगड्या भरणारी, बोलायला लागली की कुणाला न ऐकणारी. पण एक गोष्ट तिने नवऱ्याशिवाय, चांदशिवाय, कुणालाच सांगितली नव्हती. तिच्या उजव्या छातीत बोराएवढी गाठ आली होती. वाशिमच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की सुईने तपासून घे, साधी असेल तर सुटलीस, नसेल तर लवकर सापडलेली बरी होते. तपासणी उद्यावर आली होती. चांदला सुईची भीती तिच्याहून जास्त. मंडपात गाठ चमकली तर वाशिमला जायचंच नाही, असं दोघांनी ठरवून टाकलं होतं.

नंबर आला. पाणी पिऊन झालं. रीताने विचारलं, कुठं दुखतं? आता भर बाजारात, साऱ्या गावासमोर तो शब्द तोंडातून निघतो होय! मेहरबीने गुपचूप डावं कोपर पुढे केलं.

रीताने तेल चोळलं, बत्ती फिरली आणि कोपर झगमगलं. महाराज गंभीर झाले. "लई जुनी गाठ हाये माय. हाडापर्यंत गेली व्हती. आता जाळतो तिले."

क्षणभर मेहरबीला इतका आनंद झाला की रडूच येणार होतं. आणि मग ध्यानात आलं, अगं बाई, या कोपराला तर जन्मात कधी कळसुद्धा आली नाही! तिला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. महाराज म्हणाले, रोग हसून राह्यला. त्यावर ती आणखीच हसली आणि तशीच बाहेर पळाली.

बाहेर हायस्कुलात विज्ञान शिकवणाऱ्या संगीता मॅडम वडिलांना, म्हणजे हेमसिंगला, बकरीसकट घरी न्यायला आल्या होत्या. मेहरबीने त्यांना कोपऱ्यात ओढून कानात सगळं सांगितलं. छातीचंही सांगितलं. मॅडमचे डोळे आधी भरले, मग चमकले. तुमच्या दुकानात नोटा तपासायची जांभळी बत्ती आहे ना, एवढंच त्यांनी विचारलं.

थोड्याच वेळात मॅडम मेहरबी, हेमसिंग आणि बकरीला घेऊन मंडपात शिरल्या. एका वाटीत गोडं तेल आणि चिमूटभर हळद. ते बोटाने बकरीच्या शिंगाला लावलं आणि चांदच्या दुकानातली बत्ती धरली. शिंग तस्संच हिरवं-पिवळं पेटलं. 'ओऽऽ' झालं, पण या खेपेला मागून खसखसही पिकली.

"महाराज, बकरी पायानं लंगडते. शिंगाले कोणता रोग झाला?"

मग मॅडमनी ग्लासभर पाण्यात बी-कॉम्प्लेक्सची गोळी विरघळवली. बत्तीखाली पाणी महाराजांच्या बाटलीसारखंच चमकलं. बाटलीत नेमकं काय ते तपासणीतच कळेल, त्या म्हणाल्या, पण ही गोळी खाल्ल्यावर लघवी पिवळी होते हे कोणताही कंपाउंडर सांगेल. टपरीवाल्या मंडळींनी माना खाली घातल्या.

महाराज कोट सावरत ओरडले की हळद गावची असेल, आपले बिंदू अस्सल परदेशी आहेत. तेव्हा चांद पुढे आला.

"मॅडम, पण खरेच असले तर? हिले बरं वाटंल ना मंग?"

मॅडम हसल्या नाहीत. क्वांटम बिंदू खोटे नाहीत, त्यांनी सांगितलं. शास्त्रज्ञ त्या बिंदूंच्या मदतीने गाठ शोधता येईल का, औषध पोचवता येईल का ते बघताहेत, पण बरंचसं काम अजून उंदरांवर चाललंय. पुष्कळ बिंदूंत कॅडमियम असतं, म्हणजे विषारी धातू. वरचं कवच फुटलं तर ते अंगात सुटतं. काही बिंदू यकृतात, मूत्रपिंडात किती दिवस बसून राहतात, हेही पुरतं ठाऊक नाही. कमी धोक्याचे बनवताहेत, त्यांचीही आधी तपासणी होणार.

"चाचा, साधं गणित हाये. बाटलीतले बिंदू खोटे असतीन तर पाणी कायले प्यायचं? आन् खरे असतीन, तर अजिबात प्यायचं नाई."

महाराज रीताला खुणावून मागच्या बाजूने सरकू लागले, तर हेमसिंगने बकरी आडवी घातली आणि पोलीस येईपर्यंत हलवली नाही.

त्या गडबडीत मेहरबी बोलली. साऱ्या गावासमोर, मोठ्याने.

"माह्या कोपराले काईच झालं नाई. माह्या छातीत गाठ हाये. उद्या मी वाशिमले जाऊन राह्यली."

दुसऱ्या सकाळी ती जीपमध्ये बसली तेव्हा रांगेतल्या आणखी दोघी शेजारी येऊन बसल्या. आपलं दुखणं त्यांनीही आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सुई टोचली, मेहरबीने डॉक्टरीणबाईंना दोन शिव्या हासडल्या आणि झालं. रिपोर्ट यायचा आहे. गाठ साधी निघेल किंवा निघणार नाही. पण जे निघेल ते खरं असेल आणि त्यावर इलाज करता येईल. तेव्हा बाबांनो, बायांनो, चमकतं त्याला हात जोडायच्या आधी ते कशाने चमकतं हे विचारा, आणि दुखतं कुठे ते डॉक्टरला खरं सांगा.