तबकातले चष्मे

लक्ष्मीबाई नगरच्या कम्युनिटी हॉलमध्ये शंभरेक माणसं डोळे बारीक करून पडद्याकडे बघत होती. पडद्यावर सूर्याचा पृष्ठभाग, उकळत्या खिचडीसारखा. मधल्या फटींत चमकते ठिपके. किरणबाबा मंत्र पुटपुटत होते आणि ठिपके सरकत होते, जुळत होते, फुटत होते.

"लाइव्ह आहे, बिल्कुल लाइव्ह! सूर्यनारायण माझं ऐकतोय. तुमच्या चष्म्याचे नंबर तोच उतरवणार! आता चला बाहेर, दहा मिनिटं उघड्या डोळ्यांनी सूर्यदर्शन!"

हे चष्मामुक्ती शिबिर. दारातच प्रत्येकाचा चष्मा तबकात. माझ्या आठ वर्षांच्या स्वरूपाचाही. शेजारच्या प्रणिताताई तिला परस्पर घेऊन आल्या होत्या. मी ऑफिसातून धापा टाकत पोचले, तेव्हा ती पहिल्या रांगेतून उठतच होती.

"थांब, स्वरूपा! बाहेर जायचं नाही."

बाबांनी मंत्र सोडला आणि मला धारेवर धरलं. "शिकलेल्या आया! मुलीला जन्मभर चार डोळ्यांची ठेवणार?"

"अगं, गप ना यार," प्रणिताताई कुजबुजल्या. "शाप देतील."

बाबा झापत राहिले. मी पडद्याकडे बघत होते. मंत्र बंद, तरी ठिपके मजेत नाचत होते.

तबकातून स्वरूपाचा चष्मा शोधला, तिच्या नाकावर चढवला. "खाली कोपऱ्यात बारीक आकडे आहेत. वाच."

"घड्याळ आहे. पण आई, ते वेडं झालंय! सेकंदात मिनिट पळतंय. आणि वर्ष... दोन हजार अठरा."

बाबांचा चेला लॅपटॉप मिटायला धावला. पण तोवर लोक तबकावर तुटून पडले होते. ज्याच्या हाती ज्याचा चष्मा आला, त्यातून तो घड्याळ वाचत होता.

दुर्बिणीतून घेतलेली जुनी चित्रं, भराभर पळवलेली. बस्स! ते ठिपके म्हणजे सूर्याच्या चुंबकीय क्षेत्राच्या घट्ट जुड्या. खालून उसळणारा तप्त वायू त्यांना ढकलतो, एकत्र आणतो, तोडतो. बरेचसे काही मिनिटांत विरतात. मंत्र म्हणा, शिव्या द्या, त्यांना फरक पडत नाही.

फरक पडतो तो डोळ्यांना. सूर्याकडे टक लावली तर आतला पडदा भाजतो, तेव्हा दुखतही नाही; गेलेली नजर मात्र परत येईलच असं नाही.

चष्मा काढायला सांगणाऱ्याला एवढंच विचारा: मी काय वाचू नये, अशी तुमची इच्छा आहे?