एका लेझर मशीनची कैफियत

मित्रांनो, वर्ध्याला डॉक्टर रीता देवतळे यांचा त्वचारोगाचा दवाखाना आहे. त्याच्या आतल्या खोलीत उभी असलेली जुनी लेझर मशीन ती मीच. माझं अंग पिवळट पडलं आहे, एक चाक कुरकुरतं. पण चाकाचा मला त्रास नाही. त्रास आहे तो माणसांचा.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा एकच काम शिकवलं. माझा उजेड त्वचेतला काळा रंग शोधतो आणि फोडतो. आता सावळ्या माणसाच्या त्वचेत तो रंग सगळीकडेच असतो. डाग कुठला आणि मूळ रंग कुठला, हे मला कळत नाही. हात आवरायचा तो डॉक्टरांनी. जोर जास्त झाला की त्वचा भाजते, आणि भाजलेली सावळी त्वचा आधीपेक्षा काळी पडते. गोष्ट एवढीच आहे. तरी समोर बसणारा जो तो म्हणतो, "मॅडम, थोडी वाढवा ना." मी काय स्वयंपाकघरातली शेगडी आहे?

पहिल्या दसऱ्याला मला झेंडूची माळ घातली होती. पुढे लोकांना कळलं, की या मॅडम आधी मलमं देतात, थांबायला सांगतात आणि मशीन क्वचितच लावतात. कौतुक आटलं. माझ्यावर चादर आली, चादरीवर छत्र्या आल्या.

अशात एका उन्हाळ्यात रूपाली आली. आर्वी डेपोत कंडक्टर. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिच्या दोन्ही गालांवर वांगाचे तपकिरी डाग आले होते. कुणीतरी सुचवलेली गोरं करणारी ट्यूब तिने दुकानातून आणली. आधी चेहरा उजळला, मग लाल झाला, सोलवटला आणि डाग दुप्पट गडद झाले. ती तोंडाला स्कार्फ बांधून ड्यूटी करू लागली. गाडीत तिचा आवाज कुणाला ऐकू जाईना, रोज भांडणं होऊ लागली.

"मॅडम, मी राजीनामा देऊन राह्यली," ती खुर्चीत बसत म्हणाली. "लोकं तोंडाकडेच पाहत राह्यतात."

सोबत सासूबाई होत्या, आनंदाबाई. त्या घाईघाईने म्हणाल्या, "मोठ्या मेहनतीनं लागली जी हे नोकरी. तुमी कायी बी करा."

डॉक्टरांनी ट्यूब उलटून पाहिली. "यात स्टेरॉइड आहे. आजपासून बंद. बंद केल्यावर चेहरा काही दिवस आणखी पेटेल, घाबरू नको. सनस्क्रीन रोज लाव, गाडीत बसली तरी. मशीन आत्ता नाही."

"मंग ही मशीन काऊन ठेवली?" आनंदाबाईंनी माझ्याकडे बोट केलं.

छत्र्या ठेवायला, असं मला सांगायचं होतं.

चेहरा खरंच पेटला आणि दोघींचा धीर सुटला. एका पार्लरमध्ये कुणीतरी एका बैठकीत चेहरा साफ करून देतो म्हणालं आणि त्वचा सोलून काढणारं जहाल पील लावलं. रूपाली परत आली तेव्हा तिचा डावा गाल भाजून कोळशासारखा झाला होता. मित्रांनो, मला तोंड असतं तर त्या दिवशी मी सगळ्यांना धारेवर धरलं असतं.

"मीच नेलतं तिले," आनंदाबाई म्हणाल्या. "मले वाटलं, लवकर साफ झालं त नोकरी वाचंल."

डॉक्टर रागावल्या नाहीत. रूपालीला राजीनाम्याऐवजी रजा घ्यायला लावलं, आधी भाजलेला गाल बरा केला, मग सौम्य मलम सुरू केलं. सनस्क्रीनचं आनंदाबाईंनी असं मनावर घेतलं, की रूपाली पुन्हा ड्यूटीवर जाऊ लागली तेव्हा त्या भर दुपारी बसस्टँडवर जाऊन गाडीच्या दाराशी उभ्या राहायच्या आणि लावून झाल्याशिवाय हलायच्या नाहीत.

बाजारात नवा कापूस येऊ लागला तेव्हा कुठे माझ्यावरची चादर निघाली. डॉक्टरांनी अगदी कमी जोरावर कानाजवळच्या एवढ्याशा जागेवर मला लावून पाहिलं आणि पुन्हा थांबल्या. तिथे काळं पडलं नाही, तेव्हाच गालावर आल्या. डाग हळूहळू फिके झाले. पुरते गेले नाहीत.

"गोरी त नाई झाली," आनंदाबाई बारकाईने पाहत म्हणाल्या.

"गोरी करायचीच नव्हती," डॉक्टर म्हणाल्या. "तिचा रंग म्हणजे आजार नाही. डाग फिके करायचे होते. आणि ऊन सांभाळलं नाही तर ते पुन्हा येतील."

तर मित्रांनो, दुकानातली ट्यूब कुणाच्या सांगण्यावरून तोंडाला फासू नका, उन्हापासून त्वचेला जपा आणि जाणत्या डॉक्टरने थांब म्हटलं की थांबा. मी म्हातारी झाले हेच सांगण्यात.

परवा रूपाली ड्यूटीवरून थेट आली. अंगावर खाकी, तोंड उघडं. सकाळी गाडीत एका बाईंनी तिला सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "ताई, वांग आला वाट्टे तुमच्या तोंडावर. एक मस्त क्रीम आहे, सांगू का?"

"मग तू काय म्हणालीस?" डॉक्टरांनी विचारलं.

"म्हटलं, हो जी, वांगच आहे. डॉक्टरचं औषध सुरू आहे. तुमी देवळीचं तिकीट घ्या अन् मांगं सरका."